धाकट्याच्या फेऱ्या, थोरल्याचं माप



अष्टमीला भांगाची भरती, अमावास्या-पुनवेला उधाण, हे आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही ठाऊक असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब खाडीकाठच्या घरांत तोंडी चालत आलाय. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी भरलेलं. सुकतीला तिसऱ्या आणि कालवं काढायला जाणारी बाई वर चंद्राकडे बघत बसत नाही. ती तिथी बघते आणि कोयता-टोपली घेऊन निघते. पण हिशेब चंद्राचाच असतो.

आज आम्ही जे सांगणार आहोत, त्याची सुरुवात या भरतीपासूनच करावी लागेल. चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. तो पृथ्वीला ओढतो, पण सगळीकडे सारखं ओढत नाही. जी बाजू त्याच्याकडे आहे तिला जास्त, पाठची बाजू लांब म्हणून तिला कमी. त्यामुळे पृथ्वीचं पाणी चंद्राच्या दिशेने आणि त्याच्या बरोबर उलट दिशेने, असं दोन्हीकडे फुगतं, आणि आडव्या बाजूला चेपतं. म्हणून तर भरती दिवसातून दोनदा येते. पोळीची कणीक दोन हातांनी ओढली की लांब होते आणि मधे अरुंद होते, तसं. एका बाजूला ताण, आडव्या बाजूला दाब. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आइन्स्टाइन या शास्त्रज्ञाने १९१५ मध्ये सांगितलं की ओढ म्हणजे अदृश्य दोरी नव्हे. जड वस्तू आपल्या भोवतालची जागाच वाकवते, आणि बाकीच्या वस्तू त्या वाकलेल्या जागेतून वाट काढतात. पुढच्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट मांडली. जड वस्तू एकमेकींभोवती फिरू लागल्या की जागेच्या त्या वाकण्यात लाटा उठतात आणि प्रकाशाच्या वेगाने दूर पसरतात. त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. अशी लहर तुमच्या-आमच्यातून गेली तर काय करते? भरतीसारखंच. एका दिशेला ताणते, आडव्या दिशेला दाबते, मग उलट. फक्त इतकं कमी, की शंभर वर्षं कोणाला ते मोजता आलं नाही.

१४ सप्टेंबर २०१५ या दिवशी ते मोजलं गेलं. अमेरिकेत लायगो नावाची दोन यंत्रं आहेत, प्रत्येकाला काटकोनात दोन नळ्या, एकेक नळी ४ किलोमीटर लांब. आत लेसरचा झोत जातो आणि आरशावर आपटून परत येतो. लहर आली तर एक नळी किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. त्या दिवशीची लहर १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती. एक २९ सूर्यांच्या वजनाचं आणि एक ३६ सूर्यांच्या वजनाचं, अशी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती. नळीच्या लांबीत पडलेला फरक अणूच्या गाभ्यातल्या एका कणाच्या रुंदीच्या हजाराव्या भागाएवढा होता. आणि सगळा प्रकार किती वेळ चालला? सेकंदाचा पाचवा भाग. पापणी लवेपर्यंत संपला.

तसंच यंत्र आता आपल्या महाराष्ट्रात होतंय, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. नागनाथाच्या ज्योतिर्लिंगाला जाऊन आलेल्या बाया आपल्यातही असतील. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. कोकणात का नाही, असं कोणी विचारलं तर उत्तर आपल्याच दारात आहे. समुद्राच्या लाटा सतत किनाऱ्यावर आपटतात, ते ठोके जमिनीतून फार दूरवर जातात आणि असल्या नाजूक यंत्राला त्यांचा त्रास होतो. पावसाळ्यात मांडवीच्या धक्क्यावर उभं राहिलं की पायांनाच ते कळतं.

पण औंढ्याच्या यंत्रालाही ऐकू येणार नाही अशी एक जात आहे या लहरींची. आमच्या मते सगळ्यांत नवलाची तीच, म्हणून आज तिच्याबद्दल बोलायचं आहे.

आधी कृष्णविवर म्हणजे काय ते थोडक्यात. इतकं वजन इतक्या कमी जागेत कोंबलेलं की तिथून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. मराठी वाचकांच्या ओळखीचा हा शब्द व्हायला एका गोष्टीचा हातभार लागला. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. असा कोणी नव्हताच. ती कथा जयंत नारळीकरांची होती. आपल्या नावाची अद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून दिली होती मंगलाताईंनी, त्यांच्या पत्नीने. मंगलाताई स्वतः गणिताच्या मोठ्या विदुषी, हेही सांगायला हवं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे १९८८ मध्ये नारळीकरांनी पुण्यात आयुका ही संस्था उभी केली. तिच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

कृष्णविवरं दोन मापांची सापडतात. एक धाकटी, दहा-वीस-पन्नास सूर्यांच्या वजनाची. मोठा तारा जळून संपला की मागे उरतात ती. दुसरी थोरली, लाखो-कोट्यवधी सूर्यांच्या वजनाची, ती दीर्घिकांच्या मध्यभागी बसलेली असतात. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक मोठा थवा. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरही असा एक थोरला आहे, सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वजनाचा, आपल्यापासून साधारण २७ हजार प्रकाशवर्षांवर. त्याची जागा आभाळात दाखवता येते. गौरी-गणपतीच्या दिवसांत पाऊस उघडला तर रात्री आठच्या सुमाराला दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहा. वृश्चिकाची नांगी दिसेल. नांगीच्या डावीकडे, थोडं वर, धनु राशीच्या कडेला तो आहे. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण जागा तीच.

आणि ती नांगी म्हणजे कोणतं नक्षत्र? मूळ. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याच्या वाईटावर असते म्हणून किती जणींची स्थळं मोडली, ते आम्ही इथे मोजत नाही. त्या ताऱ्यांना रत्नागिरीतल्या कोणाचा सासरा माहीत नाही. त्या दिशेला आभाळातली बघण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, एवढंच त्या नक्षत्राचं वैशिष्ट्य धरा.

आता, जे दिसत नाही त्याचं वजन ४३ लाख सूर्य हे कळलं कसं? त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांवरून. एक तारा १६ वर्षांत त्याच्याभोवती एक फेरी मारतो. किती अंतरावरून किती वेगाने फिरतो ते बघितलं की मधल्या वस्तूचं वजन निघतं. जर्मनीतल्या आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी वर्षानुवर्षं हे तारे टिपले. त्यांचे प्रमुख राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं. अँड्रिया गेझ ही बाई आहे, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेली जगातली चौथी.

धाकट्याच्या फेरीवरून थोरल्याचं माप काढायचं, ही युक्ती इथे दिसली. आता कल्पना करा, १६ वर्षांच्या फेरीऐवजी काही मिनिटांची फेरी असेल तर?

असं घडतं. थोरल्याच्या शेजारी ताऱ्यांची दाटी असते. त्या धक्काबुक्कीत कधी एखादं धाकटं कृष्णविवर थोरल्याच्या फार जवळ ढकललं जातं आणि अडकतं. साधा सूर्यासारखा तारा इतक्या जवळ गेला तर फुटतो. एका बाजूला ओढ जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणजे आपली भरतीच, पण इतकी भयंकर की तारा उसवून जातो. धाकटं कृष्णविवर मात्र घट्ट असतं, ते टिकतं. दहा सूर्यांच्या वजनाच्या कृष्णविवराची रुंदी सुमारे ६० किलोमीटर, म्हणजे साधारण रत्नागिरी ते राजापूर रस्ता. समोरचा थोरला आपल्या आकाशगंगेतल्यासारखा असेल तर त्याची रुंदी अडीच कोटी किलोमीटर. वजनात सांगायचं तर धाकटा दहा ग्रॅमची सुपारी धरला, तर थोरला चार टनांचा भरलेला ट्रक.

सुपारी ट्रकाभोवती फिरू लागते. प्रत्येक फेरीत लहरी निघतात, लहरींबरोबर थोडी ताकद निघून जाते, आणि सुपारी किंचित आत सरकते. फार हळू. थोरला दहा लाख सूर्यांचा असेल तर शेवटच्या काही वर्षांत ती लाखाच्या घरात फेऱ्या मारते, आणि शेवटी शेवटी एक फेरी साडेसात मिनिटांवर येते. त्या वेळी तिचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्यापर्यंत गेलेला असतो. मग ती आत पडते आणि लहरी थांबतात.

आपल्याकडे काथ्याचा दोर गुंडाळायची रीत आठवा. एकाच जागी गुंडाळत नाहीत, दर वेळी जरा तिरपं, जरा पुढे सरकवत नेतात. धाकट्याची वाटही तशीच असते. ती फेरी कधी जिथे सुरू झाली तिथेच जुळत नाही. अंडाकृती वाट दर वेळी थोडी फिरते, आणि थोरला स्वतःभोवती गिरकी घेत असेल तर तो आजूबाजूची जागाही सोबत ओढतो, त्यामुळे वाट वर-खालीही झुलते. लाख वेढे पडेपर्यंत थोरल्याच्या भोवतीची एकही बाजू शिल्लक राहत नाही. आता समजा, आत काय आहे ते तुम्हाला दिसत नाही, फक्त दोराचे वेढे कसे पडले ते कोणी सांगितलं. आत नारळ आहे की चौकोनी डबा, ते सांगता येईल की नाही? नारळाला कुठे खोक पडली असेल तर तीही कळेल.

हेच शास्त्रज्ञांना हवं आहे. आइन्स्टाइनचं गणित सांगतं की कृष्णविवर कितीही मोठं असलं तरी त्याच्याबद्दल सांगण्यासारख्या गोष्टी दोनच, वजन किती आणि गिरकी किती. तिसरं काही नाही. उंचवटा नाही, खड्डा नाही, डाग नाही. एवढी गुळगुळीत वस्तू जगात दुसरी नसेल. पण हे गणित झालं. एवढ्या जवळ जाऊन कोणी चाचपून बघितलेलं नाही. धाकट्याच्या लाख वेढ्यांतून ते चाचपता येईल. वेढे गणिताबरहुकूम पडले तर ठीक. नाही पडले तर शंभर वर्षांचं गणित कुठेतरी अपुरं आहे, किंवा ज्याला आपण कृष्णविवर म्हणतो ते काही वेगळंच आहे.

अपुरं निघालं तर आपलं काय बिघडलं, असं वाटेल. मिरकरवाड्यातून सुटणाऱ्या ट्रॉलरवरचं जीपीएस आठवा. जीपीएसच्या उपग्रहांवर घड्याळं असतात. ओढ कमी असली की घड्याळ जरा जलद चालतं, वेगाने फिरलं की जरा मंद. दोन्ही मिळून त्या घड्याळात दिवसाला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी ३८ भागांचा फरक पडतो. तो आइन्स्टाइनच्या गणिताने दुरुस्त केला नाही तर बोटीची जागा दाखवण्यातली चूक दिवसाला दहा-एक किलोमीटरने वाढत जाईल. धुक्यात किंवा वादळात बंदरात परतणाऱ्या माणसाला दहा किलोमीटर म्हणजे काय, ते इथे वेगळं सांगायला नको. १९१५ मध्ये या गणिताचा उपयोग काय, हे कोणालाच सांगता आलं नसतं. आम्ही असंही म्हणत नाही की या लहरींतून उद्या गॅस स्वस्त होईल. होणार नाही. पण ज्या नियमावर आपल्या घरची बोट परत येते, तोच नियम जिथे सगळ्यांत जास्त ताणला जातो तिथे तपासून बघणं हे फुकटचं काम नाही.

तर मग औंढ्याला हे का ऐकू येत नाही? कारण लहर फार संथ आहे. लायगोच्या यंत्रांना सेकंदाला दहा वेळा किंवा त्याहून जलद होणारा हेलकावा कळतो. इथे एक हेलकावा पूर्ण व्हायलाच मिनिटं लागतात. एवढ्या संथ गतीने तर जमीनच हलत असते, वारा हलतो, समुद्र हलतो. पृथ्वीवर शांत जागा नाही. म्हणून अवकाशात जायचं.

युरोपच्या अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये लिसा या मोहिमेला पक्की मंजुरी दिली, अमेरिकेची नासा सोबत आहे. २०३५ मध्ये उड्डाणाचा बेत आहे. तीन यानं, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर, आभाळात मोठा त्रिकोण करून पृथ्वीच्या मागोमाग सूर्याभोवती फिरतील. प्रत्येक यानात सोनं आणि प्लॅटिनम मिसळून केलेले, मुठीएवढे ठोकळे अधांतरी तरंगत असतील, कशालाही न टेकता. एका यानाचा लेसर दुसऱ्यापर्यंत पोचायला आठ सेकंद लागतील. ठोकळ्यांमधलं अंतर अणूच्या रुंदीहूनही कमी फरकाने बदललं तरी ते कळलं पाहिजे. हे जमेल का, याची चाचणी म्हणून २०१५ च्या डिसेंबरात एक छोटं यान आधीच पाठवलं होतं. अपेक्षेपेक्षा चांगलं जमलं.

यात एक मोठी अडचण होती, आणि तिथे पुणे येतं.

लेसरचा झोत स्थिर नसतो, तो थरथरतो. लायगोच्या दोन्ही नळ्या सारख्या लांबीच्या, म्हणून दोन्हींतून परतलेली थरथर एकाच वेळी पोचते आणि वजा होऊन जाते. लिसाच्या त्रिकोणाच्या बाजू मात्र कधी सारख्या राहत नाहीत, सूर्याभोवती फिरताना कमी-जास्त होतात. थरथर वजा होत नाही आणि खरी लहर तिच्यात बुडून जाते.

आपल्या रेडिओच्या भाषेत सांगतो. पूजेला दोन भोंगे लावलेत, एक जवळ, एक लांबच्या वाडीकडे. माईकवर बोलणारा खोकला, तर अंगणात तो खोकला दोनदा ऐकू येतो, मागेपुढे. पण दोन्ही भोंग्यांजवळ वेगवेगळं रेकॉर्डिंग केलं, आणि आवाज कुठे किती उशिरा पोचतो ते माहीत असलं, तर संगणकावर एक पट्टी तेवढीच सरकवून दुसरीतून वजा करता येते. खोकला गायब. उरतं ते फक्त वेगळं काही, एका भोंग्याशेजारी भुंकणारं कुत्रं. लिसासाठी अशा पट्ट्या सरकवण्याची कल्पना अमेरिकेतल्या टिंटो आणि आर्मस्ट्राँग यांनी १९९९ मध्ये मांडली. पण त्रिकोणात सहा बाजूंनी झोत येतात-जातात. कोणती पट्टी किती सरकवून कोणत्या पट्टीत मिळवायची, याचे प्रकार किती? एकही सुटू नये म्हणून ते सगळे शोधायची गणिती रीत २००२ मध्ये आयुकाचे संजीव धुरंधर, राजेश नायक आणि फ्रान्सचे विने यांनी काढून दिली. यान उडायच्या तेहतीस वर्षं आधी.

थरथर गेली तरी गोंगाट उरतोच, आणि धाकट्याची लहर त्या गोंगाटाहूनही बारीक. ती कशी ओळखायची? पत्र्यावर पाऊस कोसळतोय आणि लांबच्या वाडीत आरती चाललीय. आरती पाठ असेल तर तुम्ही सांगू शकता, आता तिसरं कडवं चालू आहे. पाठ नसेल तर नुसता पाऊस. म्हणजे लहरीचा नमुना आधी पाठ हवा. या कामातही धुरंधरांचं नाव आहे. दोन जड वस्तू एकमेकींत मिसळताना येणारी लहर शोधायला किती नमुने आणि कोणते घ्यावेत, ते त्यांनी आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच मांडलं होतं, लहर प्रत्यक्ष सापडायच्या चोवीस वर्षं आधी. लायगोच्या शोधात ती रीत वापरली जाते. मात्र तिथली आरती सेकंदभराची, आणि लिसातली वर्षभर चालणारी, लाख वेढ्यांची. त्यात एक वेढा जरी हिशेबात चुकला तरी पुढचं सगळं जुळत नाही. आणि आरत्या इतक्या तऱ्हेच्या होऊ शकतात की एकेक लावून बघायला जगातले संगणक पुरणार नाहीत. त्याला वाट काढण्याचं काम सध्या जगभर चालू आहे.

या कामाला दुर्बीण लागत नाही. गणित आणि संगणक लागतो. आज आठवीत असलेली मुलगी लिसा उडेल तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर असेल, आणि पहिले वेढे मोजले जातील तेव्हा ती काम करायच्या वयात असेल. दहावीनंतर विज्ञान नको, लांब पडतं, असं आपल्या घरांत मुलींबद्दल जास्त लवकर ठरतं, हे आम्हाला गटांच्या बैठकांतून ऐकू येतं. ठरवण्याआधी तिला एकदा ही गोष्ट ऐकवा आणि तिला काय वाटतं ते विचारा.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या सुमाराला पुण्याची आयुका सगळ्यांसाठी खुली असते, आणि नारायणगावजवळ खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपाशी शाळकरी मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरतं. गटाची सहल काढायची असेल तर तारखेची चौकशी जानेवारीतच करून ठेवा, आणि एसटीचं आरक्षणही. त्या दिवसांत शिमग्याची गर्दी सुरू होते.